कोरम

माझा जन्म इंझोरीचा. इंझोरी कुठं आलं, असं कोणी विचारलं की पूर्वी मी 'अकोला जिल्ह्यात' म्हणून सांगत असे. १९९८ पासून 'वाशीम जिल्ह्यात' म्हणून सांगतो. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोन्ही वेळा सारखंच अज्ञान पसरतं. मग 'तालुका मानोरा, कारंज्याहून यष्टी' असा खुलासा करावा लागतो. त्यावर पुण्यामुंबईचा माणूस 'अच्छा, कोकणातलं कारंजा का?' असं विचारतो आणि मी विषय बदलतो.

अशा गावच्या माणसाचा अँग्लिकन चॅप्लेनशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण माणसाचा जन्मभर संबंध येतो तो ज्यांच्याशी काही संबंध नाही अशाच गोष्टींशी. उदाहरणार्थ, बँक. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी दुसऱ्याचे पैसे मोजले नव्हते. स्वतःचे मोजायलाही फारसे नव्हते.

१९८० साली बँकेनं माझी बदली विदर्भातल्या एका रेल्वेच्या गावी केली. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं साधी होती, छापील कागदावर येण्याची त्यांना सवय नव्हती. माझे घरमालक रेल्वेतले निवृत्त गार्ड होते, अँग्लो-इंडियन. सगळं गाव त्यांना गार्डसाहेब म्हणे. तोवर मी अनेक घरमालक पाहिले होते. कुणाला कांदालसूण चालत नसे, कुणाला पाहुणे चालत नसत, एकाला तर मी अंघोळीला घेतलेली दुसरी बादली चालत नसे. गार्डसाहेबांना सगळं चालत होतं. अट एकच, रविवारी सकाळी साडेसातला रेडिओ लावायचा नाही.

"क्यों?" मी विचारलं.

"सर्व्हिस होता है," ते म्हणाले. मला वाटलं, यांची साहेबी मोटार वगैरे दुरुस्तीला जात असेल. पहिल्या रविवारी उलगडा झाला. घरामागं लिंबाच्या झाडांत एक लहानसं दगडी चर्च होतं आणि तिथली उपासना म्हणजे सर्व्हिस.

ही बातमी मी पोस्टकार्डानं घरी कळवली. उलट टपाली आईची काळजी बाबांच्या अक्षरात आली, 'तुझी माय विचारते, त्याच्या घरचा चहा पेतं का?' आता चहा हे आपल्याकडं जुनं दुखणं आहे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारखी मंडळी चहाच्या पेल्यासमोर बसली आणि प्रायश्चित्तावरून शहरभर जे रण माजलं ते पुढं दोन वर्षं पुरलं. ते मिशनसुद्धा अँग्लिकनांचंच. मी आईला कळवलं की गार्डसाहेबांचा चहा टिळकांनी घेतला त्याहून पातळ आहे, तेव्हा पापही पातळच लागेल.

आपण मराठी माणसं झगा घातलेल्या सगळ्यांना सरसकट 'पाद्री' म्हणतो. पण मिशनरी वेगळा आणि चॅप्लेन वेगळा, हे मला गार्डसाहेबांच्या व्हरांड्यात कळलं. मिशनरी आपल्यासाठी आलेला असे. चॅप्लेनला आपल्याशी काही कर्तव्यच नव्हतं. तो त्यांच्या माणसांसाठी होता, म्हणजे पलटणीतल्या शिपायांसाठी, कलेक्टरासाठी, रेल्वेच्या ड्रायव्हरसाठी. त्यांची बाळं न्हाऊ घालायची, त्यांची लग्नं लावायची, आणि मुख्य काम म्हणजे त्यांना पुरायचं. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाचा एक चॅप्लेन सुरतेला येऊन गेला. मुंबईत आलेल्या गोऱ्याचं आयुष्य फार तर दोन पावसाळ्यांचं, अशी तेव्हाची म्हण त्यानं लिहून ठेवली आहे. तेव्हा धंद्याला मंदी नव्हती. बारसं, लग्न, मर्तिक यांच्या नोंदी करायच्या आणि त्यांच्या नकला थेट लंडनला पाठवायच्या. त्या नोंदी तिथं अजून आहेत. म्हणजे चॅप्लेन हा एक प्रकारचा तलाठीच म्हणायचा, फक्त त्याच्या सातबाऱ्यावर माणसं असत.

आणि हा सरकारी नोकर! पगार, रजा, बढती, पेन्शन, सगळं होतं. ज्युनिअर चॅप्लेन, सीनिअर चॅप्लेन असे हुद्दे होते. देवाच्या कामाला प्रवासभत्ता मिळतो हे ऐकून माझ्यातला बँकवाला सद्गदित झाला.

अर्थात कंपनी सरकार या खर्चावर खूश नव्हतं. १६९८ च्या सनदेत असं कलम आलं की पाचशे टन किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक जहाजावर चॅप्लेन ठेवलाच पाहिजे. झालं! पुढं कित्येक वर्षं कंपनीची जहाजं कागदोपत्री ४९९ टनांची निघू लागली. मी हे ऐकलं तेव्हा इंग्रजांविषयीचा माझा बराचसा राग गेला. एक टनासाठी देवाला बंदरात ठेवून येणारी माणसं आपल्यापेक्षा फार वेगळी नसावीत. मुंबईचं सेंट टॉमस चर्चही असंच. सतराव्या शतकात पाया घातला आणि भिंती अर्धवट उभ्या राहिल्या त्या चाळीसेक वर्षं तशाच. शेवटी रिचर्ड कॉब नावाचा चॅप्लेन १७१४ साली आला, त्यानं सगळ्यांच्या मागं लागून वर्गणी काढली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. त्या चर्चकडं जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. संध्याकाळी चर्चगेटला सहा-बावीसची विरार फास्ट पकडणाऱ्याला कॉबसाहेबांची आठवण येत नसेल, पण तिथंही ढकलल्याशिवाय काम होत नाही, एवढी परंपरा टिकून आहे.

आमच्या विदर्भात नागपूरला बिशप बसला तो १९०३ साली. पहिले बिशप चॅटर्टनसाहेब. आयरिश माणूस. गोंडवनाचा इतिहास लिहून बसला, म्हणजे रमला म्हणायचा. त्या काळी वऱ्हाडासारख्या मुलखातल्या लहान ठाण्यांना कायमचा चॅप्लेन परवडण्यासारखा नसे. तो फिरतीवर येई, दहा-बारा माणसांसाठी उपासना करी आणि पुढच्या ठाण्याला जाई. आपल्याकडं कीर्तनकार येतात तसा, फरक एवढाच की याला जेवणात काट्याचमच्याची अडचण नसे.

मग १९३० साली इथलं चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानं वेगळं झालं. १९४८ साली सरकारी चॅप्लेनांचं खातंच बंद झालं. साहेब बोटीत बसले. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच सहा पंथांनी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. सहांचं एक! आपल्याकडं एका गणेश मंडळाची दोन होतात, दोनाची चार होतात. नागपूरच्या हवेत असं काही होऊ शकतं हे मला अजून खरं वाटत नाही.

मात्र या सगळ्या घडामोडींत आमच्या रेल्वेच्या गावचं चर्च जिथं होतं तिथंच राहिलं. दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी मोठ्या गावाहून पाद्रीसाहेब सेकंड क्लासनं येत. नाशिककडचे होते, मराठी झकास बोलत. एरवीच्या रविवारी गार्डसाहेब स्वतः उभे राहून प्रार्थना वाचत. पुस्तक १६६२ सालचं. म्हणजे पुस्तकाची प्रत नव्हे, मजकूर. शिवाजीमहाराजांना अजून राज्याभिषेक व्हायचा होता तेव्हाच्या इंग्रजीत हे लोक देवाशी बोलत. आपल्या पूजेची संस्कृत जशी गुरुजींनाच कळते असं आपण धरून चालतो, तसाच प्रकार.

आणि हे लोक म्हणजे किती? चार! पहिले गार्डसाहेब. दुसऱ्या ऑर्गनवाल्या मॅडम. रेल्वेच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि ज्या ऑर्गनच्या भात्यात उंदरांनी संसार थाटला होता तो त्या पायानं दाबून आणि तोंडानं दटावून वाजवत. तिसरे नगरकडचे मराठी कंपाउंडर आणि चौथा एक म्हातारा तामिळ फिटर. बांधलेली बाकं दीडशे माणसांची. चौघं चार कोपऱ्यांत बसत. मी एकदा विचारलं, जवळ का नाही बसत? तर प्रत्येकाची जागा वडिलोपार्जित! मधली सगळी माणसं गेली म्हणून काय सरकून बसायचं?

एकदा आडवारी सकाळी मी चर्चवरून जात होतो. आतून मोठ्यानं वाचल्याचा आवाज आला. डोकावलो. आत गार्डसाहेब एकटे. पाद्र्याचं वाक्यही तेच म्हणत होते आणि लोकांचं उत्तरही तेच देत होते. बसायच्या ठिकाणी बसत होते, उठायच्या ठिकाणी उठत होते. मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर म्हटलं, "साहेब, कोणी नसतं तर घंटा कशाला वाजवता?"

त्यांनी माझ्याकडं, विनातिकीट उतारूकडं पाहावं तसं पाहिलं. "गाडी खाली हो तो भी गार्ड झंडी दिखाता है. क्या?"

पुढं एका पुस्तकात वाचलं की 'गलिव्हर' लिहिणारा जोनाथन स्विफ्ट हाही असाच एका खेड्यात पाद्री होता. एकदा प्रार्थनेला त्याचा कारकून रॉजर तेवढा हजर होता, तेव्हा समस्त बंधुवर्गाला करायचं संबोधन त्यानं एकट्या रॉजरच्या नावावर केलं, असं सांगतात. मी ही गोष्ट गार्डसाहेबांना सांगितली. ते हसले नाहीत. "रॉजर आया था ना?" एवढंच म्हणाले.

चर्चच्या मागच्या खोलीत एक जाडजूड रजिस्टर होतं. तारीख, उपासना, उपस्थिती, दानपेटी, शेरा, असे रकाने. जुनी पानं उलटली की उपस्थिती १२०, १३५ अशी. मग चाळीस, मग अकरा. १९८० च्या पानांवर सलग ४, ४, ४, ४. एके ठिकाणी १, आणि शेऱ्यात 'पाऊस'. माझ्या बँकेतल्या लेजरांपेक्षा त्यात जास्त इमान होतं.

आता मुख्य अडचण सांगतो. नुसती प्रार्थना एकट्यानं वाचली तरी चालते. पण प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी. त्याला पुस्तकातच कोरम घालून दिला आहे. गाव कितीही लहान असो, पाद्र्याबरोबर घेणारे चार, निदान तीन तरी पाहिजेत. त्याखाली विधी नाही. आणि ईस्टरला तर तो प्रत्येकानं घेतलाच पाहिजे असाही नियम. १९८२ साली ईस्टर ११ एप्रिलला होता. मार्चमध्ये फिटर मुलीकडं पेरांबूरला गेला तो तिकडंच राहिला. राहिले तीन. गुड फ्रायडेच्या आधी मॅडम न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. राहिले दोन.

शनिवारी रात्री पाद्रीसाहेब पॅसेंजरनं उतरले. व्हरांड्यात सभा भरली. कंपाउंडरांनी बोटं मोजली. दोनच्या पुढं बोट सरकेना. कोणी बोलेना. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "मी बसतो की. नाही तरी साडेसातला रेडिओ बंदच असतो."

कंपाउंडरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "तुम्ही बसायला चालता हो. मोजायला नाही चालत."

गार्डसाहेब उठून आत गेले. सत्तरी उलटलेला, साडेसहा फुटी माणूस, पण पाठमोरा एकदम लहान दिसला. मला पहिल्यांदाच कळलं की इथं हसण्यासारखं फार नाही.

पाद्रीसाहेब मात्र पुस्तकाची मागची पानं चाळत बसले होते. "थांबा," म्हणाले. "हा नियम देवळातला. आजाऱ्याच्या घरी वेगळा आहे. आजारी माणसानं कळवायचं, आणि त्याच्याबरोबर घेणारे तीन, निदान दोन असले तरी भागतं."

सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. मॅडम आजारी, बरोबर दोघं. कोरम! बँकेत बारा वर्षं काढली आहेत, पण नियमाच्या पोटातून असा पोटनियम काढताना मी कुठल्याही रिजनल मॅनेजरला पाहिलेलं नाही.

सकाळी सहालाच ऊन तापायला लागलं होतं. दोन सायकलरिक्षा सांगितल्या. एकीत पाद्रीसाहेब आणि चांदीच्या पेल्याची पेटी, दुसरीत कंपाउंडर आणि मी, माझ्या मांडीवर दोन मेणबत्तीदानं आणि इस्त्रीची पांढरी चादर. गार्डसाहेब कुठं दिसेनात. इतक्यात चर्चची घंटा सुरू झाली. मी धावत गेलो. म्हटलं, "साहेब, आता इथं कोण येणार आहे? आपणच चाललो!"

दोर ओढता ओढता ते म्हणाले, "मॅडम को मालूम होना ना, गाडी निकली."

मॅडम दोन गल्ल्या पलीकडं, खाटेवर पाय अडकवून पडल्या होत्या. पण केस विंचरलेले, गळ्याशी ब्रोच लावलेला. स्टुलावर चादर पसरली, मेणबत्त्या लावल्या. पंख्यानं त्या विझायला लागल्या म्हणून पंखा बंद केला आणि पाच माणसं त्या खोलीत भट्टीसारखी शिजू लागली. दारात मोलकरीणबाई डोक्यावर पदर घेऊन उभी. पाद्रीसाहेबांनी सुरुवात केली, आणि शेजारच्या घरात रेडिओ लागला.

हे मात्र माझं खातं होतं. मी गेलो. शेजारी बनियनवर बाहेर आले. "काय, कोणी गेलं काय?"

"नाही. ईस्टर आहे."

"मग?"

"मग रेडिओ नाही लावायचा."

का ते त्यांनी विचारलं नाही. खटकन बंद केला, आणि जाताना माठातल्या पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी परत आलो तेव्हा गाणं चाललं होतं. ऑर्गन नव्हता, म्हणून मॅडम खाटेच्या गजावर बोटांनी ठेका देत होत्या आणि गार्डसाहेब चुकले की भुवई उचलत होत्या. मी मोजायला चालत नव्हतो, म्हणून तांब्या धरून दारात मोलकरणीशेजारी उभा राहिलो. तिनं हात जोडले होते. माझा एक हात मोकळा होता, तो मी छातीशी नेला.

घरी आल्यावर गार्डसाहेबांनी रजिस्टर काढलं. उपस्थिती ३. शेऱ्यात बराच विचार करून लिहिलं, 'गाडी वेळेवर.'

त्या दुपारी मी टेबलाचा खण उघडला. आत बाबांचं पोस्टकार्ड होतं, महिनाभरापूर्वीचं. 'मारोतीच्या देवळात हरिपाठाले आता आम्ही तिघंच असतो. मृदंगवाला गेला. तू सुट्टीत येशील तं टाळ धरजो.' त्याला मी उत्तर टाकलं नव्हतं. बँकेतला माणूस पारावर बसून टाळ कुटणार, या कल्पनेनं मला तेव्हाही हसूच आलं होतं.

रजा टाकली. मूर्तिजापूरला शकुंतला पकडली. लहान रुळावरची ही गाडी वाफेवर चालत असे, म्हणजे चालत असे असं म्हणायची पद्धत होती. कारंज्याला उतरून यष्टी धरली. संध्याकाळी बाबांना सगळी हकीकत सांगितली, कोरमसकट. कापसाच्या गाठोड्याला टेकून त्यांनी ती शांतपणे ऐकली.

"मंग त्या बाईले घरी भेटला म्हन की देव," ते म्हणाले.

"हो ना."

"मंग त्यात नवल काय हाय? आपला पांडुरंग नाही का पुंडलिकाच्या घरी गेला? त्याले तं बसाले बी भेटलं नाही. इटेवर उभा केला."

मी म्हटलं, "पण बाबा, तुमच्या हरिपाठाला असा काही नियम आहे का? निदान किती माणसं पाहिजेत?"

"नियम कायले लागते? एकटा म्हनलं तं जप होते. दोघं असले का भजन होते." मग जरा थांबून म्हणाले, "चाल, टाळ घे. बोलत नको राहू."

गार्डसाहेब १९८६ साली गेले. तोवर माझी बदली झाली होती, पण मी गेलो होतो. स्टेशनवरचे हमालसुद्धा आले होते. चर्चची दीडशेची बाकं भरली, माणसं लिंबाखाली उभी राहिली. घंटा कंपाउंडरांनी वाजवली. त्या दिवशी त्यांनी बोटं मोजली नाहीत, आणि मी कुठं उभा राहावं हे मला कोणी सांगितलं नाही.

बाबाही गेले. मी निवृत्त होऊन इंझोरीला परत आलो. शकुंतला बंद पडली आहे, कपाशीच्या जागी सोयाबीन आलं आहे, आणि मारोतीच्या देवळात संध्याकाळी हरिपाठाला आम्ही दोघं असतो. मी आणि एक निवृत्त पोस्टमन. तो सुरात नाही, मी तालात नाही, त्यामुळं भांडण नाही. साडेसहाला मी घंटा वाजवतो. अलीकडं एक पोट्टा येतो. देवळात मोबाइल चार्ज करायला बोर्ड आहे म्हणून येतो, हे आम्हाला ठाऊक आहे. चार्ज होईस्तोवर तो खांबाला टेकून बसतो.

मी एक वही घातली आहे. तारीख, उपस्थिती, शेरा. पोस्टमनचं म्हणणं, तो पोट्टा धरायचा नाही, तो हरिपाठ म्हणत नाही. परवा यावरून आमचं थोडं वाजलं. मी वही पुढं ओढली आणि लिहिलं, उपस्थिती ३. शेऱ्यात, 'पाऊस.'